भूकंप, औषधांची मांडणी आणि धारापात्र

चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात, विकृत देशाची लक्षणे सांगताना भूमिकंपाचा निर्देश येतो, हे आपणां सर्वांस ज्ञात आहेच. तथापि तो अध्याय शिकताना आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्या चिकित्सालयातील मांडणीकडे मान वर करून पाहिले असेल, याची आम्हांस शंका वाटते. आम्ही स्वतः तरी पाहिले नव्हते.

आमचे चिकित्सालय कराडनजीक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेस झालेल्या भूकंपाची आठवण सांगणारी वडीलधारी मंडळी आजही येथे भेटतात, आणि लहानसहान धक्के तर या परिसराच्या अंगवळणी पडले आहेत. या सवयीतूनच निष्काळजीपणा मुरतो. काही वर्षांपूर्वी असाच एक धक्का बसला, तेव्हा पंचकर्म कक्षात एका प्रौढ रुग्णेस शिरोधारा चालू होती. परिचारिका घाबरून बाहेर धावली. रुग्णेच्या डोळ्यांवर कापसाच्या घड्या, सर्वांगास तेल, कपाळावर हेलकावे खाणारे पितळी धारापात्र आणि शेजारी शेगडीवर तापत असलेले तेल! त्या चाचपडत उठल्या, तेलकट फरशीवरून घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. इमारतीस साधी चीरही गेली नव्हती. दोष परिचारिकेचा नव्हे. अशा प्रसंगी काय करावे हे आम्ही तिला कधी सांगितलेच नव्हते.

भूकंप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्लारी उभी राहते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून निजलेली गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली व मातीच्या जड माळवदांखाली गाडली गेली. हा प्रदेश तत्कालीन भूकंपप्रवण नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता, हे विसरू नये. इमारतीचे बळ तपासणे हे अभियंत्याचे काम आहे आणि जुन्या वाड्यांत बसणाऱ्या वैद्यांनी ते अवश्य करवून घ्यावे. परंतु मध्यम धक्क्यात भिंती टिकल्या तरी आतील वस्तू माणसांस जायबंदी करतात, आणि या वस्तू आपण स्वतःच रचलेल्या असतात.

औषधालयाचेच पाहा. जागेच्या टंचाईमुळे जड आणि क्वचित लागणाऱ्या चिनी मातीच्या बरण्या सर्वांत वर चढतात. त्या खाली उतरवाव्यात. आसव-अरिष्टांच्या काचेच्या बाटल्या खालच्या फळ्यांवर ठेवाव्यात आणि प्रत्येक फळीच्या पुढील कडेस बोटभर उंचीची पट्टी ठोकावी. उंच मांडणी लोखंडी अँगलने भिंतीस आवळून घ्यावी. सुताराचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. वत्सनाभ, कुचला, धोत्र्याचे बी अशी विषद्रव्ये कुलूपबंद कपाटात व खालच्या कप्प्यात असावीत. बरण्या फुटून चूर्णे व भस्मे एकमेकांत मिसळली, तर ती वेचून पुन्हा भरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. महाग भस्म केराबरोबर टाकताना हात जड होतो, हे आम्ही जाणतो. पण डोळ्यांनी पाहून त्याची शुद्धता ठरविता येत नाही. रसौषधी करणाऱ्यांनी सांडलेला पारद केरसुणीने झाडू नये. त्याचे कण पसरतात आणि बाष्प वाढते. खिडक्या उघडून माणसे बाहेर काढावीत, मग जाड कागदाने थेंब एकत्र करून झाकणबंद पात्रात भरावेत.

धक्का बसत असताना जिन्याकडे धावू नये. खाली बसावे, भक्कम मेजाखाली शिरावे, डोके झाकावे आणि मेजाचा पाय धरून ठेवावा. दगडमातीच्या जुन्या घरात तळमजल्यावर, दार अगदी दोन पावलांवर असेल, तर मात्र उघड्यावर येणे श्रेयस्कर. पंचकर्म कक्षात परिचारिकेने प्रथम धारापात्र रुग्णाच्या डोक्यावरून बाजूस सारावे आणि हाताशी असेल तर शेगडी बंद करावी. रुग्णास उठणे शक्य नसल्यास त्याच्या डोक्यावर उशी धरून तिने द्रोणीशेजारीच खाली बसावे. नंतर गॅसचा वास येत नाही याची खात्री होईपर्यंत काडी ओढू नये, की दिव्याचे बटणही दाबू नये.

आमच्याकडे आता धारापात्राची साखळी दोन ठिकाणी अडकविलेली असते आणि शेगडी कक्षाबाहेर गेली आहे. दर तीन महिन्यांनी, रुग्ण नसताना, एक जण द्रोणीवर झोपतो आणि बाकीचे सराव करतात. पहिल्या सरावात सर्व जण हसले होते. ज्या परिचारिकेचा उल्लेख वर आला, ती मात्र हसली नाही. सरावाची सूचना आता तीच देते.