चांगदेव पासष्टी : कोऱ्या पत्राचे उत्तर

पत्ररूप वाङ्मयात पत्र लिहिणारा तो कर्ता आणि ज्यास ते जाते तो केवळ वाचक, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्यास तेराव्या शतकातील ‘चांगदेव पासष्टी’ हे प्रकरण उपयुक्त आहे.

परंपरागत कथा सर्वपरिचित आहे. तापीतीरीचे वयोवृद्ध योगी चांगदेव ज्ञानदेवांस पत्र लिहावयास बसले. पण मायना ठरेना. ज्ञानदेव वयाने लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने ते थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वय आड येते. अखेरीस कोराच कागद आळंदीस गेला. निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांत त्याचे उत्तर दिले.

कथेचा ऐतिहासिक भाग किती, हा प्रश्न वेगळा. तीत सांगितलेली अडचण मात्र खास भाषिक आहे. मराठीत पत्राचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वीच दोघांतील वडील कोण, हे ठरवावे लागते. मायन्यामागून सर्वनाम आणि क्रियापद ही त्याच नात्याने चालतात. नाते ठरले नाही, म्हणजे वाक्यच अडते.

ज्ञानदेवांनी ही अडचण कशी सोडविली, हे पाहण्यासारखे आहे. रचनेचा आरंभ ‘स्वस्ति’ या शासनांत व पत्रांत रूढ असलेल्या मंगलवाचक शब्दाने होतो. परंतु वंदन आहे ते चांगदेवांच्या नावाशी निगडित असलेल्या वटेश्वरास. पुढे चांगदेवांस संबोधिले आहे तेही वटेश्वराचा पुत्र म्हणून. येथे ‘तू’ हे सर्वनाम येते. मराठीत ते लहानास लागते, तसेच आईस आणि देवासही लागते. अशा रीतीने वयाचा प्रश्न न सोडविता तो गैरलागू ठरविला आहे. पाण्याचा ठाव घेण्यास गेलेले मीठ स्वतःच उरत नाही, हा दृष्टान्त आणि समोरासमोर ठेवलेल्या दोन डोळस आरशांचा दृष्टान्त हे दोन्ही त्याच दिशेचे आहेत. एकमेकांस पाहणाऱ्या त्या आरशांना ज्ञानदेवांनी स्वतःचे आणि चांगदेवांचे नाव दिले आहे. अद्वैताचे प्रतिपादन ज्ञानदेवांनी अन्यत्रही केले आहे; येथे मात्र त्यास विशिष्ट रूप आले ते न लिहिलेल्या मायन्यामुळे.

याच्याशी अर्वाचीन काळातील ‘कुसुमानिल’ (१९७२) ताडून पाहावे. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांच्या विवाहापूर्वीच्या या पत्रसंग्रहात दोन्ही बाजूंचा मजकूर उपलब्ध आहे आणि शीर्षकात दोन्ही नावांचा संधी झाला आहे. तेथे सहकर्तृत्व उघड दिसते. पासष्टीत एका बाजूस एकही अक्षर नाही. तरी ग्रंथ ओळखला जातो तो ज्याने काही लिहिले नाही त्याच्या नावाने, आणि हे नामकरण सार्थ आहे.

म्हणून पत्रवाङ्मयाच्या अभ्यासात मायना हा मजकुराबाहेरील उपचार मानू नये. पुष्कळदा पत्राची घडण तेथेच ठरते, आणि ती ठरविण्यात पत्र घेणाऱ्याचा वाटा लिहिणाऱ्याइतकाच असतो.