जऊळक्याचा डोळा, अकोल्याचा डॉक्टर

मधुमेह असलेल्या माणसाला डोळे तपासून घ्या म्हटले, की हमखास उत्तर येते, ‘मला दिसते की चांगले!’ अडचण नेमकी तिथेच आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की दृष्टिपटलावरील केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना बारीक फुगवटे येतात, त्यांतून रक्त आणि द्रव झिरपू लागतो. हे सारे न दुखता घडते. पीतबिंदूला सूज येईपर्यंत किंवा डोळ्यात रक्तस्राव होईपर्यंत नजर शाबूत वाटू शकते, आणि त्यानंतर गेलेली दृष्टी पुष्कळदा पुरती परत येत नाही. म्हणून दर वर्षी तपासणी करायची.

आता वाशीम जिल्ह्यातल्या जऊळका रेल्वे या गावच्या शेतमजुराने, नीट दिसत असताना, त्यासाठी अकोल्याला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. मग माणसाऐवजी त्याच्या दृष्टिपटलाचे छायाचित्रच पाठवले तर?

ही युक्ती डोळ्याला छान जुळते, कारण कापाकापी न करता रक्तवाहिन्या थेट पाहता येण्याची शरीरातली ही जागा आहे. (वर्गात करून पाहा. पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडा, ते डोळ्याजवळ धरून उजळ आकाशाकडे पाहा आणि कार्ड भराभर हलवा. सूर्याकडे मात्र मुळीच पाहू नका. निष्पर्ण झाडाच्या फांद्यांसारखे जे दिसते, त्या तुमच्याच दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांच्या सावल्या.) कॅमेरा बाहुलीतून आत प्रकाश सोडतो व परतलेल्या प्रकाशातून प्रतिमा बनवतो. हे काम आता मोबाइलवर बसवलेले उपकरणही करते.

मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत २०१८ साली असा एक अभ्यास झाला. थोडेसे प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांनी छायाचित्रे घेतली आणि मोबाइलमधल्याच संगणकप्रणालीने, इंटरनेटशिवाय, ती तपासली. नेत्रतज्ज्ञांच्या मते २१३ मधुमेहींपैकी १५ जणांना पुढे पाठवणे आवश्यक होते. यंत्राने पंधराही जण ओळखले. शंभर टक्के!

गणिताच्या शिक्षकांनी इथे जरा थांबावे. नमुना अवघा पंधरा जणांचा. तेवढ्यावरून खरी क्षमता ७८ टक्क्यांपर्यंत खाली असण्याची शक्यता संख्याशास्त्र नाकारत नाही. शिवाय उरलेल्या १९८ पैकी सुमारे २३ जणांवर यंत्राने विनाकारण शिक्का मारला. मुंबईत या चुकीची किंमत लोकलचे तिकीट, जऊळक्यात पुन्हा एक बुडालेली मजुरी. तरीही रुग्ण निसटण्यापेक्षा ही चूक मला पत्करते.

मोतीबिंदू असला तर छायाचित्र धूसर येते. अशा माणसाला ‘दोष नाही’ म्हणून नव्हे, तर ‘तपासणी झाली नाही’ म्हणूनच नोंदवावे लागते.

आणि छायाचित्र क्षणात अकोल्याला पोचले, तरी लेसर किंवा डोळ्यातले इंजेक्शन मोबाइलवरून परत पाठवता येत नाही. त्यासाठी माणसालाच जावे लागते. कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, सोबत कोणाला घेऊन जायचे, हे त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर लिहिलेले आहे का, हे वाचून दाखवायला गावात निदान शाळेतली मुले तरी आहेत.