गळती झडपेची, भाकीत हृदयाचे

महाबळेश्वरच्या चढणीवर धाप लागली, म्हणजे सुमारे 1,370 मीटर उंचीस दोष देऊन मोकळे होण्याचा प्रघात आहे. परंतु उताणे निजताच दम कोंडू लागला आणि घोट्यांवर सूज दिसू लागली, तर ती कैफियत डोंगराची नसून बहुधा हृदयाची असते.

हृदयाची डावी जवनिका, म्हणजे डावा खालचा कप्पा, दुर्बल होऊन फुगली, की द्विदल झडपेच्या पाकळ्या एकमेकींस भिडेनाशा होतात आणि प्रत्येक ठोक्यास काही रक्त फुप्फुसांच्या दिशेने परतते. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या ध्वनिलहरी-तपासणीच्या, पडद्यावर ही उलटी धार रंगीत दिसते व मोजताही येते.

मात्र नुसत्या गळतीच्या मापावर निकाल देणे धोक्याचे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोॲप्ट’ चाचणीत, दोन वर्षांत, केवळ औषधांवरील रुग्णांपैकी 46 टक्के दगावले, तर झडपेच्या पाकळ्या जोडणारा चिमटा लावलेल्यांपैकी 29 टक्के. त्याच वर्षीच्या फ्रान्समधील ‘मित्रा-एफआर’ चाचणीत मात्र तोच चिमटा निष्फळ ठरला. पहिलीतील रुग्णांची गळती अधिक, जवनिका मात्र कमी फुगलेली होती, हा अनेक तज्ज्ञांचा खुलासा मला पटतो.

तेव्हा इकोसाठी घाट उतरून वाई-साताऱ्यास जाल, तेव्हा गळतीबरोबर जवनिकेचे आकारमानही विचारा, आणि जुने अहवाल दप्तरी जपून सोबत न्या.