उभ्या गाडीची थरथर

गाडी सिग्नलपाशी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे, आणि इंजिन तेवढे चालू आहे. अशा वेळी समोरच्या आरशातले प्रतिबिंब अस्पष्ट होऊ लागले, स्टिअरिंगवरचा हात थरथरू लागला आणि दाराच्या काचा खुळखुळू लागल्या, म्हणजे गाडीच्या प्रकृतीत काही बिघाड झाल्याची शंका येते. मग बहुधा अंदाजाने उपचार सुरू होतात. आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल बदलली जाते, मग आणखी काही. पैसे खर्च होतात. थरथर मात्र तशीच राहते. हौसेने गाडी बाळगणाऱ्याला हे एक वेळ परवडेल. पण गाडीवरच ज्याचे पोट अवलंबून आहे, त्या टॅक्सीवाल्याला गॅरेजमधला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली कमाई होय. म्हणून या थरथरीचे निदान कोणत्या क्रमाने करावे, हे जाणून घेणे उपयोगाचे आहे. येथील विवेचन पेट्रोलवर आणि सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनांपुरते आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, मुळीच न हादरणारे इंजिन जवळजवळ अस्तित्वात नाही. इंजिनाला मिळणारी शक्ती ही अखंड धार नसते. ती सुट्या धक्क्यांची मालिका असते. चार आघातांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा ज्वलन होते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर त्यात मिनिटाला १,५०० आणि सेकंदाला २५ धक्के बसतात. दोन धक्क्यांच्या मधले अंतर भरून काढण्याचे काम फ्लायव्हील हे जड चाक करते. परंतु चाकात साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेळी चाकात जेवढी ऊर्जा असते, तिचा केवळ सोळावा हिस्सा ७५० फेऱ्यांच्या वेळी उरतो. म्हणून वेगाने धावताना जो दोष झाकला जातो, तो गाडी उभी राहताच उघडा पडतो.

थरथरीचे प्रमाण इंजिनाच्या घडणीवरही अवलंबून असते. एका ओळीतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात दट्ट्यांचे मुख्य हादरे परस्परांना छेदतात. पण फेऱ्यांच्या दुप्पट गतीने होणारा एक बारीक हादरा शिल्लक राहतो. तो शमविण्यासाठी फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने १९०४ मध्ये समतोल राखणाऱ्या फिरत्या दंडांची योजना केली. तीन सिलिंडरच्या इंजिनात निराळी अडचण असते. त्याची दोन टोके झोपाळ्याच्या फळीप्रमाणे आळीपाळीने वर-खाली होऊ पाहतात. १९८३ मध्ये भारतात आलेल्या मारुती ८०० चे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन याच जातीचे होते. तात्पर्य, गाडीची तुलना शेजाऱ्याच्या गाडीशी न करता तिच्याच पूर्वस्थितीशी करावी. काल नव्हती ती थरथर आज आली असेल, तरच तिला रोग म्हणावे.

मग खरा प्रश्न उभा राहतो तो असा : इंजिन अधिक हादरू लागले आहे, की त्याचे नेहमीचेच हादरे आता गाडीपर्यंत पोहोचू लागले आहेत? सर्व निदान या एका प्रश्नावर उभे आहे. गाडी उभी असल्यामुळे चाके व टायर यांच्यावरचा संशय आपोआपच फिटतो. उरतात दोन पक्ष : एक हादरे निर्माण करणारे इंजिन, आणि दुसरा ते हादरे अडविणारी रबराची माउंटिंगे.

हा निवाडा करण्यास फारशी उपकरणे लागत नाहीत. बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे पाहावे व सायलेन्सरच्या नळीपाशी कान द्यावा. फेऱ्यांचा काटा स्थिर आहे, धुराचा आवाज एका लयीत येत आहे, आणि तरीही गाडीचा सांगाडा थरथरतो आहे, असे आढळल्यास दोष माउंटिंगचा असण्याचा संभव अधिक. रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व तेलाने कडक होते, चिरते किंवा खाली बसते. काही माउंटिंगांत द्रवपदार्थ भरलेला असतो. तो गळाल्याचा काळपट डाग बाहेरून दिसू शकतो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत चाकांना अडथळे लावून, हँडब्रेक ओढून व पायाने ब्रेक घट्ट दाबून गिअर पुढच्या गतीतून मागच्या गतीत टाकला असता, माउंटिंग तुटलेले इंजिन एका बाजूला झटकन उसळते. या वेळी गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहता कामा नये. धुराची नळी कोठे सांगाड्याला टेकली आहे काय, हेही पाहून घ्यावे. एवढ्याशा स्पर्शानेही सारी गाडी गुणगुणू लागते.

याउलट काटा डुलत असेल आणि आवाजात ठरावीक अंतराने खंड पडत असेल, तर एखादा सिलिंडर पेट घेत नाही, मिस्त्रींच्या भाषेत इंजिन ‘मिसिंग’ करते आहे, असे समजावे. एक सिलिंडर निकामी झाला की सेकंदाला २५ बारीक धक्क्यांच्या जोडीला सेकंदाला सुमारे ६ वेळा येणारा एक संथ, जोरकस हिसका उत्पन्न होतो. रबर जलद हादरे गिळून टाकते. संथ हादरे अडविणे त्याच्या शक्तीबाहेरचे असते. शिवाय मनुष्याच्या शरीराला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे उभे हेलकावेच सर्वाधिक जाणवतात. म्हणूनच असे इंजिन सीटवर बसल्या बसल्या कळते.

आता निकामी सिलिंडर कोणता, हे शोधावयाचे. अँबेसॅडरच्या काळात मिस्त्री एकेका प्लगची तार क्षणभर काढून पाहत असे. निरोगी सिलिंडरची तार काढली की इंजिन मंदावते. निकामी सिलिंडरची काढली तर काहीच फरक पडत नाही. तत्त्व आजही तेच आहे. परंतु आता प्लगऐवजी इंजेक्टरची जोडणी काढणे श्रेयस्कर. प्लगला हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि ठिणगी बंद करून पेट्रोल चालू ठेवले तर ते न जळता धुराच्या नळीत उतरते. नव्या गाड्यांतील संगणक सिलिंडरचा क्रमांकही सांगतो. पी ०३०१ हा संकेत पहिल्या सिलिंडरचा, पी ०३०२ दुसऱ्याचा, तर पी ०३०० हा निश्चित एका सिलिंडरकडे बोट न दाखविणारा संकेत होय. मात्र संकेत रोगाची जागा सांगतो, कारण सांगत नाही. त्यासाठी त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवावी. दोष कॉइलबरोबर शेजारी गेला तर कॉइल दोषी. न गेल्यास हाच प्रयोग प्लगचा करावा. अशा रीतीने एकही नवा भाग विकत न घेता दोषी भाग सापडू शकतो.

सर्वच सिलिंडर डळमळत असतील, तर हवेचा विचार करावा. इंजिन मंद चालते तेव्हा हवेची वाट जवळजवळ बंद असते व आतील नळीत वातावरणापेक्षा पुष्कळच कमी दाब असतो. अशा वेळी चिरलेल्या नळीतून किंवा खराब गॅस्केटमधून शिरलेली थोडीशी हवाही मिश्रण बिघडविते. रेस दिल्यावर एकूण हवा इतकी वाढते की ती गळती नगण्य ठरते. रेस देताच थरथर नाहीशी होणे, ही या गळतीची एक ठळक खूण आहे. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनाचा निर्वातमापक सामान्यतः पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवितो. मात्र उंचीबरोबर हा आकडा दर हजार फुटांस सुमारे एक इंच उतरतो. मुंबईत १९ इंच दाखविणारे इंजिन साडेचार हजार फुटांवरील महाबळेश्वरास साडेचौदा इंच, आणि सात हजार फुटांवरील सिमल्यास १२ इंच दाखवील. तो दोष त्या गाडीचा नव्हे, त्या स्थानाचा होय.

सीएनजीच्या गाडीत एक परीक्षा फुकट उपलब्ध असते. गाडी पेट्रोलवर घ्यावी. थरथर थांबली तर दोष वायूच्या यंत्रणेत, किंवा वायूला लागणारी अधिक जोरकस ठिणगी न देऊ शकणाऱ्या प्लगांत असण्याचा संभव मोठा.

एवढे होऊनही उत्तर न मिळाल्यास सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. येथे आकड्यापेक्षा समानता महत्त्वाची. सर्वांत दुर्बळ सिलिंडर सर्वांत सबळाच्या तीनचतुर्थांशाखाली असेल, तर दुखणे खोल आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या. न चढला तर झडपा नीट बसत नसाव्यात.

हा सारा क्रम बिनखर्चाच्या परीक्षेकडून खर्चाच्या परीक्षेकडे जाणारा आहे. त्यात घाईला जागा एकाच प्रसंगी आहे. इंजिनाचा इशारादीप नुसता पेटलेला नसून उघडझाप करीत असेल, तर न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळत आहे, असा त्याचा अर्थ. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा हा भाग त्या उष्णतेने वितळू शकतो, आणि एका प्लगच्या दुरुस्तीचे काम कित्येक पट महाग होऊन बसते. अशा वेळी रेस देऊन थरथर लपविण्यापेक्षा गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे, हेच शहाणपणाचे.