कांगेर खोऱ्यातील अंधारवासी मासा

दुर्मिळ प्राणी पाहण्यासाठी मनुष्य दूरदूरच्या बेटांवर जातो. अंदमान समुद्रातील नारकोंडम ह्या लहानशा बेटावर जो धनेश पक्षी आहे, तो जगात अन्यत्र कोठेही रानात आढळत नाही. चोहोंकडील समुद्रामुळे असे जीव आपल्या ज्ञातिबांधवांपासून तुटतात आणि पिढ्यानुपिढ्या निराळ्या वळणाने जातात. परंतु बेट होण्यास समुद्रच लागतो असे नाही. भिलाईच्या दक्षिणेस सुमारे 300 किलोमीटरवर, बस्तरात, असे एक बेट जमिनीच्या पोटात आहे.

जगदलपूरजवळील कांगेर खोरे 1982 साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 200 चौरस किलोमीटर आहे. छत्तीसगडचा राज्यपक्षी, म्हणजे मनुष्यवाणीची नक्कल करणारी पहाडी मैना, ह्याच रानात राहते. तथापि आमच्या मते येथील खरे नवल कुटुमसर गुहेत आहे.

गुहा चुनखडीत कोरली गेली आहे. भिलाईकरांस हा दगड परका नाही. 1959 पासून तेथील पोलादाच्या भट्ट्यांत नंदिनीच्या खाणीची चुनखडी पडत आली आहे. लोखंडातील हीण तिच्याशी संयोग पावून मळीच्या रूपाने वेगळे होते. भट्टीत हे काम उष्णतेने क्षणांत होते, तर कांगेरच्या काठी पाणी तेच दगड सावकाश पोखरते. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून किंचित आम्ल बनते आणि दगड विरघळवीत जाते. हजारो वर्षांनी पोकळी होते. मग छतावरून ठिबकणारा थेंब आपल्यातील चुना मागे ठेवतो व त्याचे लोंबते झुंबर घडते.

भूगोलतज्ज्ञ डॉ. शंकर तिवारी ह्यांनी 1950 नंतरच्या दशकात ह्या गुहेचा शोध घेतला. येथील एका रातकिड्याच्या शास्त्रीय नावात 'शंकरी' हा शब्द त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

आता माशाकडे वळू. तो बोटाहूनही लहान, तळाशी राहणारा व मिशाळ आहे. आश्चर्य असे की, ही जात फ्रान्सिस डे ह्या मत्स्यतज्ज्ञाने 1872 साली प्रथम वर्णिली ती पुण्याच्या माशांवरून! पुण्याचा मासा डोळस व रंगीत. कुटुमसरचा फिकट, आणि त्याचे डोळे आक्रसलेले. सर्वांचे सारखे नव्हेत. कोणाचे बरेच शाबूत, कोणाचे जवळजवळ कातडीखाली गेलेले. असे का व्हावे? डोळा हा शरीरास महाग पडणारा अवयव आहे. उजेडात त्यावाचून मासा जगत नाही, म्हणून सदोष डोळ्याची संतती तेथे टिकत नाही. काळोखात मात्र तिला कोणतीच अडचण नाही; उलट वाचलेले अन्न तिच्या कामी येते. मिश्यांचा स्पर्श व वास ह्यांवर तिचा निर्वाह चालतो.

पण अन्न येते कोठून? गुहेत सूर्यप्रकाश नाही, म्हणून हिरवी वनस्पती नाही. पावसाळ्यात पूर आत शिरतो आणि पालापाचोळा, किडे व गाळ आणून टाकतो. वटवाघळांच्या विष्ठेची त्यात भर पडते. ह्या वार्षिक शिदोरीवर सारी गुहा वर्षभर जगते. पुराबरोबर बाहेरचे मासेही येत असतील काय, हा प्रश्न जिज्ञासूंनी मनात ठेवण्याजोगा आहे. कारण तसे असेल तर ह्या बेटाचा दरवाजा दर वर्षी थोडा उघडतो.

असे घर फार नाजूक असते. गुहेतील हवा बाराही महिने साधारण 28 अंशांच्या आसपास राहते. तेथे माणसांचे थवे शिरले की उष्णता, श्वासातील वायू आणि धूळ वाढते. हाताच्या तेलकट स्पर्शाने झुंबरांची वाढ खुंटते. सतत दिवा जेथे पडतो तेथे शेवाळ धरते. मार्च 2025 मध्ये भारताच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कांगेर खोऱ्याचे नाव आले. त्यामुळे वर्दळ वाढेल, आणि डबक्यांतील मासे तर थोडेच!

पावसाळ्यात गुहा बंद असते. हिवाळ्यात गेल्यास वाटाड्याबरोबर आत उतरावे, डबक्याजवळ पाणी न ढवळता थांबावे आणि दिव्याचा झोत बाजूस धरावा. ह्या माशास उजेड रुचत नाही. प्रकाश पडताच तो दगडाआड सरतो.