पोटातल्या बिऱ्हाडकरूंनाही जेवू घाला

काही महिन्यांपूर्वी आमच्या दवाखान्यात एक सेवानिवृत्त गुरुजी सपत्नीक आले. वय पासष्टच्या पुढे, चार वर्षांपासून मधुमेह. तक्रार एकच : पोट साफ होत नाही. रोज रात्री रेचक चूर्ण घ्यायचे आणि तेही एका चमच्यावरून तीन चमच्यांवर गेलेले. "डॉक्टर, एखादी जालीम गोळी द्या," गुरुजी म्हणाले.

मी विचारले, "गुरुजी, दिवसभरात खाता काय?" उत्तर बाईंनी दिले. सकाळी चहा-बिस्किटे, मग टोस्ट, दुपारी भात आणि पातळ वरण, संध्याकाळी चहा-खारी, रात्री मऊ भात. साखर वाढते म्हणून भाकरी बंद, गॅस होतो म्हणून उसळ बंद! म्हणजे मधुमेहाच्या धास्तीने गुरुजींनी भाकरी सोडली आणि मैदा मात्र धरून ठेवला. अशी घरे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत, म्हणून आजचा हा विषय.

सगळे पिष्ट सारखे नाही

भात, पोळी, भाकरी, बटाटा, साखर या सर्वांत मुख्यतः कर्बोदके, म्हणजे पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ असतात. पण शरीरात गेल्यावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. साखर, मैदा आणि पॉलिश केलेला तांदूळ यांचा बहुतेक भाग लहान आतड्यातच पचतो व रक्तातील साखर झपाट्याने वाढवतो. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचे तंतू हीदेखील कर्बोदकेच. मात्र ती पचवणारा रस माणसाच्या आतड्यात नाही. हा चोथा जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोहोचतो.

तिथे आपले बिऱ्हाडकरू राहतात. ते म्हणजे जिवाणू! २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबानुसार सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. त्या सर्वांचे वजन भरते जेमतेम पाव किलोच्या आसपास. जंतू म्हटले की आपण घाबरतो, पण यांतले बहुतेक निरुपद्रवी, कित्येक तर उपकारी आहेत.

चोथा हे त्यांचे अन्न. तो आंबवून ते काही आम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे महत्त्वाचे. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींना लागणारी बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळते. शिवाय अस्तर शाबूत राहते आणि सूज आटोक्यात राहते. थोडक्यात, बिऱ्हाडकरू भाडे भरतात, पण आधी त्यांना जेवू घालावे लागते.

निसर्गाने ही सोय जन्मापासूनच केली आहे. आईच्या दुधात काही विशिष्ट शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. मग त्या कोणासाठी? बाळाच्या आतड्यातील उपकारी जिवाणूंसाठी!

उपासमार झाली की

२०१६ साली उंदरांवरील एका प्रयोगात चोथा बंद केला, तेव्हा भुकेल्या जिवाणूंनी आतड्याच्या आतील बुळबुळीत संरक्षक थरच खायला सुरुवात केली. थर पातळ झाल्यावर रोगजंतूंना शिरकाव सोपा झाला.

माणसांचाही दाखला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील वीस कृष्णवर्णीयांना दोन आठवडे आफ्रिकी पद्धतीचे भरपूर चोथ्याचे, कमी चरबीचे जेवण दिले आणि दक्षिण आफ्रिकेतील वीस खेडूतांना अमेरिकी पद्धतीचे. अवघ्या दोन आठवड्यांत पहिल्या गटात ब्युटिरेट सुमारे अडीच पट झाले, दुसऱ्या गटात निम्म्यावर आले. आतड्याच्या अस्तरावरील सूजही त्यानुसार कमी-जास्त झाली. जेवणात चरबीचाही फरक होता, त्यामुळे सारे श्रेय चोथ्याला देता येणार नाही. पण ताटातला बदल पोटात किती लवकर पोहोचतो, हे यावरून कळते.

आपल्या ताटात काय आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ सांगितले आहेत. शंभर ग्रॅम ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा कोंड्यासह गव्हाच्या पिठात ते साधारण १० ते ११ ग्रॅम असतात, मैद्यात तीनही भरत नाहीत. म्हणून :

• कणीक बारीक चाळणीने चाळू नका. कोंडा गुरांना आणि मैदा आपल्याला, हा उलटा व्यवहार झाला.
• रोज एक वेळ तरी भाकरी, आणि मटकी, मूग, हरभरा, चवळी यांची उसळ असावी.
• पेरूसारखे फळ रस न काढता चावून खावे.
• चोथा हळूहळू वाढवा. एकदम वाढवल्यास पोट फुगते. कडधान्य भिजवून, ते पाणी फेकून, मोड आणून शिजवल्यास गॅसचा त्रास कमी होतो. पाणी भरपूर प्या.
• साध्या सर्दी-पडशासाठी अँटिबायोटिकचा आग्रह धरू नका. त्यात उपकारी जिवाणूही मरतात.

मधुमेहींनी मात्र एक ध्यानात ठेवावे : भाकरी बिस्किटांच्या जागी खायची, बिस्किटांच्या भरीला नाही. औषधेही आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि शौचातून रक्त पडणे, वजन घटणे किंवा शौचाच्या सवयीत अचानक बदल होणे, यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

गुरुजींची तपासणी केली. तसे काही निघाले नाही. दात कमजोर, म्हणून ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून खायला सांगितली, मोडाच्या मुगाची मऊ उसळ दोन चमच्यांपासून सुरू केली, खारी-बिस्किटे सोडवली. पहिला आठवडा पोट गुरगुरले, गुरुजी कुरकुरले. दोन महिन्यांनी आले तेव्हा चूर्ण आठवड्यातून एखाद्या वेळेवर आले होते. "डॉक्टर, तुम्ही गोळी दिलीच नाही," ते हसत म्हणाले. बाई लगेच म्हणाल्या, "दिली की! रोज मीच थापते ती."