शहरातील रान आणि माकडे

रान तोडून शहर वाढले, म्हणजे तेथील सर्वच प्राणी नाहीसे होतात असे नाही. काही टिकून राहतात, काहींचा मागमूसही उरत नाही. हा भेद का पडतो, हे सिंगापूर बेटावरील दोन प्राण्यांच्या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते. तेथे दाट वस्तीला लागूनच बुकित तिमाह नावाचे सुमारे ४०० एकरांचे राखीव रान आहे.

या रानातील लांब शेपटीचे माकड सर्वभक्षी आहे. फळे, कोवळी पाने, किडे, किनाऱ्यावरील खेकडे, यांपैकी त्यास काहीही चालते. त्याच्या गालांत पिशव्या असतात. त्यांत अन्न भरून ते सुरक्षित जागी जाऊन खाते. ते जमिनीवर चालते व पाण्यात पोहते. त्यामुळे रान तुटक झाले तरी त्याचे अडत नाही. माणसाच्या हातातील पिशवीत खाऊ असतो, हेही ते अनुभवाने शिकते.

याउलट तेथील पट्टेरी वानर पाने, फळे व बिया यांवर जगते आणि बहुतेक आयुष्य झाडांवरच घालवते. झाडांची रांग तुटली की त्याची वाटही तुटते. १९८६ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने बुकित तिमाहचे रान शेजारच्या मोठ्या रानापासून अलग पडले. पुढे १९८७ साली बुकित तिमाहमधील अखेरचे पट्टेरी वानर जमिनीवर उतरले असता कुत्र्यांनी त्यास मारले. आता शेजारच्या रानात शंभरांहून कमी वानरे उरली आहेत. तुटलेली रानी वाट पुन्हा जोडण्यासाठी २०१३ साली त्या मार्गावर झाडे लावलेला रुंद पूल बांधण्यात आला.

यावरून माकडास कोणतीच अडचण नाही, असे मात्र समजू नये. लोकांनी खाऊ घातल्याने त्याची माणसाविषयीची भीती जाते. ते हातातील वस्तू हिसकावते, आणि मग तक्रारी होऊन त्याच्याच जिवावर बेतते. म्हणून सिंगापूरमध्ये २०२० पासून वन्य प्राण्यांस खाऊ घालण्यास देशभर कायद्याने बंदी आहे. माकड रानातील फळे खाऊन बिया दूरवर टाकते व रानाची वाढ करते. आयता खाऊ मिळू लागला की हे कामही मागे पडते.

महाराष्ट्रातील मुलांस लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे वानर हे दोन्ही परिचित असतात. पहिल्याच्या गालांत पिशव्या असतात, दुसऱ्याच्या नसतात. मात्र हे वानर पट्टेरी वानराप्रमाणे झाडांवरच अडकून राहत नाही, जमिनीवरही वावरते. शिक्षकांनी हा फरक मुलांकडून दुरूनच निरीक्षण करवून घ्यावा. गावाभोवतीच्या कोणत्या झाडांवरून ही जनावरे ये-जा करतात, याची नोंद मुलांस ठेवावयास सांगावी. माकडाने दात दाखविणे म्हणजे हसणे नव्हे, ते भीतीचे वा चिडीचे लक्षण आहे, हेही मुलांच्या मनावर बिंबवावे. खाऊ पुढे करणे ही भूतदया नव्हे; वाटेवरचे झाड राखणे हीच खरी दया होय.